फुलांमागचं सामान

धंद्याच्या प्रदर्शनात जरबेरा आधी समोरून कुणी बघत नाही. शेतकरी स्टॉलवर येतो, बादलीतला एक दांडा उचलतो, फूल उलटं करतो आणि मानेखाली दोन बोटं फिरवतो. मान पिचकी लागली की दांडा परत बादलीत. मान टणक असेल तर मग दांड्याची लांबी, मग फुलाचा घेर, मग मधल्या चकतीतले परागकण किती ओळींपर्यंत उमललेत ते. रंग सगळ्यात शेवटी. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं तिथली गर्दी निराळी. तिथं फुलापुढे उभं राहून लोक फोटो काढतात, आणि काढावेतच, फुलं त्यासाठीच मांडलेली असतात. आमच्या प्रदर्शनात फुलाला पास-नापास करणारे लोक येतात, आणि मला ती गर्दी जास्त आवडते.

पवन मावळात आमचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, म्हणजे पाइपांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिक (धंद्याच्या भाषेत कागद) ताणलेलं हरितगृह. जरबेरा. शेतीचं हे आणि भाऊजी बघतात, हिशेबाची वही माझ्याकडे. त्यामुळे प्रदर्शनाला गेलं की भाऊजी रोपांच्या स्टॉलकडे वळतात आणि मी पाइप, कागद, फिल्टर, क्लिपा यांच्याकडे. मोशीच्या मैदानावर डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं, त्यात संरक्षित, म्हणजे छपराखालच्या शेतीचा भाग मोठा असतो. शिवाय निव्वळ फुलांच्या धंद्याची लहान प्रदर्शनं अधूनमधून होतात. मांडणी सगळीकडे साधारण सारखी. दाराशी मोठ्या कंपन्यांचे उंच स्टॉल, आत नर्सरीवाले, आणि अगदी मागच्या रांगेत रबरबँड, कात्र्या, फुलांवर चढवायच्या टोप्या, किडींसाठी चिकट सापळे विकणारे लहान दुकानदार. मागच्या रांगेत गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून तिथले लोक निवांत बोलतात. मी तिथूनच सुरुवात करते.

एक प्रश्न तुम्हाला प्रत्येक स्टॉलवर ऐकू येईल : "लाइफ किती?" भाव त्यानंतर विचारतात. आणि प्रत्येक जण आपापल्या वस्तूचं उत्तर मनापासून देतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा पंधरा-वीस वर्षं. वरचा कागद, म्हणजे दोनशे मायक्रॉनचं प्लॅस्टिक, तीन ते चार वर्षं. जरबेराचं झाड अडीच-तीन वर्षं परवडतं, डच गुलाबाचं पाच-सहा. तोडलेलं फूल पाण्यात आठ-दहा दिवस. बँकेचे हप्ते सात वर्षं. ही सगळी उत्तरं खरी असतात. पण सांगाडा, कागद, झाड, नळ्या, कर्ज हे सगळं एकाच छपराखाली नांदवायचं असतं, आणि एकाचं आयुष्य दुसरा कसा खातो हे सांगायला कोणताच स्टॉल नसतो. प्रदर्शनातून घरी येताना माझ्या डोक्यात कायम हेच चालू असतं.

एका स्टॉलवर मात्र मी हे प्रत्यक्ष पाहिलं. कागद विकणारा माणूस पन्नाशीचा होता. त्यानं टेबलावर दोन तुकडे ठेवले होते. एक कोरा, दुधी, मऊ. दुसरा कुठल्याशा शेतावरून उतरवून आणलेला, चार पावसाळे काढलेला. त्यानं दोन्ही तुकडे ट्यूबलाइटसमोर धरले. जुन्यातून उजेड येत होता, पण पिवळट आणि मंद. मग त्यानं जुन्या तुकड्यावरची एक आडवी पट्टी दाखवली. तेवढीच पट्टी तांबूस, कडक, घडी घातली की मोडणारी. "ही पाइपावरची जागा, ताई," तो म्हणाला. "उन्हात पाइप तापतो आणि कागद तिथं भाजतो. फाटायला सुरुवात नेहमी इथूनच. पाइपाला वरच्या अंगानं पांढरा रंग मारा, साधा. वर्षभर तरी जास्त टिकेल."

मग त्यानं गंधकाचं सांगितलं. कागदात ऊन सोसण्यासाठी एक द्रव्य मिसळलेलं असतं. ते संपलं की कागद ठिसूळ होतो. गंधक आणि क्लोरीन असलेल्या फवारण्या ते द्रव्य वेळेआधीच मारतात. म्हणून कागदाच्या हमीपत्रात, बारीक अक्षरात, गंधकाची मर्यादा दिलेली असते, आणि ती ओलांडली की हमी संपते. आता गुलाबवाल्याचा विचार करा. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली की त्याचा हात सगळ्यात आधी गंधकाकडे जातो. भुरीचं औषध याच प्रदर्शनात चार स्टॉल सोडून विकत मिळतं आणि तिथला मुलगा भुरीबद्दल अगदी बरोबर माहिती देतो. डोक्यावरच्या कागदाबद्दल बोलायचं त्याला काही कारणच नसतं.

त्या एका कागदातही पुन्हा दोन आयुष्यं आहेत. पहाटे आतल्या बाजूला दव धरतं. ते थेंब थेंब फुलावर पडलं की पाकळ्यांवर डाग येतात, करपा येतो, माल दुय्यम होतो. म्हणून कागदाला आतून थेंब न धरणारा गुण दिलेला असतो : पाणी पसरतं आणि उतारानं कडेला वाहून जातं. हा गुण कागदाआधी संपतो. म्हणजे तिसऱ्या वर्षी कागद धड दिसतो, फाटलेला नसतो, आणि तरी खाली फुलं डागाळायला लागतात. शेतकरी औषध बदलतो, खत बदलतो, मजुरांवर ओरडतो. कारण वरती असतं.

या दवाशी झगडा जुना आहे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जगभरच्या मालाचं ते प्रसिद्ध प्रदर्शन भरलं, त्याची इमारत म्हणजे एक अवाढव्य काचघरच होतं. ते उभं करणारा जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. चॅट्सवर्थच्या जहागिरीत त्यानं अनेक काचघरं बांधली होती. दक्षिण अमेरिकेतलं ते परातीएवढ्या पानांचं राक्षसी कमळ त्यानं १८४९ मध्ये तिथं फुलवलं आणि त्याच्यासाठी जे काचघर उभारलं, त्याचाच धडा पुढे लंडनला गिरवला. जवळजवळ तीन लाख काचा लागल्या. त्या इमारतीतली मला सर्वांत भावलेली वस्तू म्हणजे लाकडी पन्हळ. वरच्या मोठ्या खोबणीतून पावसाचं पाणी जाई, आणि दोन्ही कडांना आतल्या बाजूनं बारीक खाचा होत्या, काचेवर आतून धरलेलं दव गोळा करायला. ज्या माणसानं स्वतः पहाटे काचघरात उभं राहून मानेवर गार थेंब झेललेत त्यालाच हे सुचणार. आज तोच प्रश्न आम्ही कागदावरच्या एका लेपानं सोडवतो, आणि लेप झिजतो.

काच आमच्यासारख्यांना परवडली नसती. ती वाट अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकानं मोकळी केली. काचघराला पैसे नव्हते म्हणून १९४८ मध्ये त्यानं लाकडी चौकटीवर सेलोफेन ताणून पाहिलं, पुढे पॉलिथिन आलं. मावळात, नाशिकला, साताऱ्यात आज जी पांढरी छपरं दिसतात ती सगळी त्याच घराण्यातली.

ठिबकच्या स्टॉलवर मी फार रेंगाळत नाही. त्यातलं आपल्याकडच्या शेतकऱ्याला आता पुष्कळ कळतं. बायकाही "एकोणीस एकोणीस सोडलं का", "तेरा झिरो पंचेचाळीस किती टाकलं" असं खतांच्या आकड्यांत सहज बोलतात. फक्त एक गोष्ट अजून जागोजाग बघते. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचं खत एकाच टाकीत कालवलेलं. दोन्ही खतं चांगली, दोन्ही महाग, आणि एकत्र आली की पाण्यात पांढरा साका बसतो तो थेट ड्रीपरमध्ये जाऊन अडकतो. दोन टाक्या ठेवायच्या, इतकंच. खताच्या आणि ठिबकच्या स्टॉलमध्ये एक पातळ कापडी पडदा असतो. तो काढून त्या दोघांना एकाच टेबलाशी बसवावं असं मला दर खेपेला वाटतं.

रोपांकडे आलं की भाऊजी दिसतात आणि त्यांच्याभोवती पाच-सात ओळखीचे चेहरे. हा भाग सगळ्यात सुंदर असतो, आणि सगळ्यात जोखमीचा. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं लहानशा कुंड्यांमधून ओळीत मांडलेली असतात, मागे त्या व्हरायटीची पूर्ण उमललेली फुलं. जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, बार्बरटनच्या डोंगराळ भागातला. पण आज आपण लावतो त्या बहुतेक जाती नेदरलँड्समध्ये संकर करून काढलेल्या असतात. एक नवी जात बाजारात यायला त्यांची कैक वर्षं जातात. हजारो रोपांतून एखादंच निवडतात. म्हणून रोपाच्या किमतीत त्यांचा हक्काचा वाटा असतो. मला तो वाटा टोचत नाही. इतकी वर्षं एका रंगामागे लागणाऱ्या माणसाला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. टोचतं ते एवढंच की रंगाची आवडनिवड आता झाडाच्या आयुष्यापेक्षा लवकर बदलते. लग्नाच्या मांडवात एका वर्षी फिकट गुलाबी हवा असतो, पुढच्या वर्षी सगळं पांढरं आणि पोपटी. आमच्या बेडात चौरस मीटरला सहा झाडं बसतात. वीस गुंठ्यांत जवळपास बारा हजार. बारा हजार झाडांना "यंदा तुमचा रंग चालत नाही" असं सांगता येत नाही.

माझा एक भाचा केनियात नैवाशाला गुलाबाच्या फार्मवर असतो. तिथल्या फार्मवर मराठी पोरं बरीच आहेत, कृषीची पदवी घेऊन गेलेली. नैरोबीला जूनमध्ये फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथून तो फोटो पाठवतो. त्यात मला नेहमी ती फुलं बघायची असतात ज्यांना अजून नाव ठेवलेलं नाही, नुसता क्रमांक आहे. युरोपातल्या प्रदर्शनांतही, एसेनला जानेवारीत किंवा आल्समेरला नोव्हेंबरात, अशी फुलं मांडतात म्हणतो तो. गिऱ्हाइकाचे डोळे कुठं थांबतात ते संकर करणारे बाजूला उभे राहून टिपून घेतात. आपल्याकडे हे फार कमी होतं. इथं शेतकऱ्यासमोर जे येतं ते ठरवून, छापून, भाव लावूनच येतं. मांजरीच्या किंवा तळेगावच्या शेतकऱ्याला कुणीतरी क्रमांकाची फुलं दाखवून विचारावं, "यातलं तुमच्या पाण्याला, तुमच्या उन्हाळ्याला कोणतं चालेल?" नैवाशाची उंची महाबळेश्वरापेक्षा जास्त, रात्री थंड, म्हणून तिथला गुलाब मोठ्या डोक्याचा होतो. मावळाच्या मे महिन्यात तोच गुलाब लहान निघतो. शेतकऱ्याला हे माहीत असतं. त्याला विचारलं पाहिजे.

एकदा प्रदर्शनातच आगाऊ रक्कम भरून आम्ही रोपं नोंदवली होती. कुठली नर्सरी ते सोडून देऊ. बेड तयार : लाल माती, शेणखत, भाताचं तूस, निर्जंतुक करून झालेलं. रोपं दोन महिने उशिरा आली. जरबेराला पहिली फुलं यायला दोन-अडीच महिने लागतात, त्यामुळे त्या सालची लग्नसराई सरळ हातातून गेली. हप्ता काही दोन महिने थांबला नाही. तेव्हापासून मी पावतीवर तारीख लिहून घेते, आणि तारखेला रोपं आली नाहीत तर काय, हेही लिहून घेते. सुरुवातीला विक्रेते नाखूश असायचे. आता काही जण स्वतःहून लिहितात.

२०२० चं साल आमच्या भागात कुणी विसरणार नाही. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. पाडव्याचा माल आदल्या दोन दिवसांत काढून बादल्यांत ठेवला होता, तो बादल्यांतच राहिला. मार्केट यार्ड बंद, दादर बंद, लग्नं बंद. जरबेराची गोष्ट अशी की फूल विकलं जात नसलं तरी काढावंच लागतं. नाहीतर झाड थकतं, बुरशी धरते. कात्रीनं कापायचं नसतं, दांडा बुडाशी धरून हलकेच पिळून ओढायचा असतो. रोज हजारो दांडे असे एकेक करून ओढायचे आणि बांधाला नेऊन टाकायचे. जनावरांनी पहिले काही दिवस खाल्ले, मग तीही तोंड लावेनात. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढलं आणि मावळातली किती तरी पॉलिहाऊसं त्यानं उघडी केली. आमचा सांगाडा उभा राहिला, कागद गेला. शेजारच्या शिवारात एका ठिकाणी कागद पक्का बसवलेला होता, तो सुटला नाही, आणि म्हणून वाऱ्यानं सांगाडाच वाकवला. तेव्हा कळलं की अॅल्युमिनियमच्या पट्टीत कागद धरून ठेवणारी ती नागमोडी स्प्रिंग, किलोवर मिळणारी, मागच्या रांगेतल्या दुकानदाराकडची, तिचा ताण किती असावा हाही अभ्यासाचा विषय आहे. कागद सांगाड्याआधी सुटला पाहिजे. त्यानंतरच्या प्रदर्शनात पहिल्यांदा स्प्रिंगच्या टेबलाशी मी गर्दी बघितली.

याच प्रदर्शनांतून सजावटवाल्यांसाठी कृत्रिम फुलांचे स्टॉलही असतात. त्यांना "लाइफ किती" विचारायची गरज पडत नाही. त्यांच्यामुळे आमचा भाव पडतो हे तर आहेच. फूल उत्पादक त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण मला त्याहून वाईट वाटतं ते मांडवाचं. ताज्या फुलांचा मांडव म्हणजे तोडणाऱ्या बायका, गाडीवाला, आडत्या, पहाटे तीनला सजावट करणारी पोरं, इतक्यांचा त्या एका रात्रीत हात असतो. प्लॅस्टिकचा मांडव गोडाऊनमधून येतो आणि गोडाऊनमध्ये जातो. आमच्याही धंद्यात प्लॅस्टिक आहे : डोक्यावर कागद, प्रत्येक जरबेराला पारदर्शक टोपी, नळ्या, बादल्या. ते कमी करायला आम्हाला कुणी चांगली वस्तू दिली तर मी पहिल्या दिवशी घेईन. टोपीसाठी कागदी पर्याय मी दर वर्षी शोधते. दवात टिकेल असा अजून हातात पडलेला नाही.

टोपीवरून आठवलं. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे फुलं काढणाऱ्या दोन मावश्यांना आम्ही सोबत नेलं. हा विचार माझा नव्हता, सासूबाईंचा. "ज्या हातांनी वापरायचं ते हात न्या की," असं त्या म्हणाल्या. मोठ्या स्टॉलवर मावश्या बुजल्या. मागच्या रांगेत मात्र त्यांनी बोलायला सुरुवात केली. एका दुकानात नव्या टोप्या होत्या, मऊ आणि स्वस्त. थोरल्या मावशींनी एक टोपी उचलली, शेजारच्या स्टॉलवरचं फूल मागून घेतलं, दांडा भोकातून घालून टोपी सरकन वर ओढली आणि पाकळ्या गोळा केल्या. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग अंगठा दुकानदारापुढे धरला. "हिची कड बघा. दिवसाला हजार घातल्या की अंगठा चिरणार. आणि भोक तसूभर मोठं पाहिजे, ओल्या दांड्याला सरकत नाही." दुकानदारानं पट्टी काढून भोक मोजलं, वहीत लिहिलं, मावशींना जुन्या साच्याच्या दोन-तीन टोप्या घालून बघायला दिल्या. अर्धा तास त्यांचं चाललं होतं. मग धाकट्या मावशी बादलीच्या ढकलगाडीकडे वळल्या. बेडांमधली वाट आमची दीड फुटाची, गाडी तिच्याहून रुंद. हेही त्यांनी पायानं मोजून सांगितलं. मी इतकी वर्षं प्रदर्शनाला जाते, पण अंगठा आणि वाटेची रुंदी कधी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. यंदा आमच्या शेजारच्या दोन शेतकऱ्यांनीही आपल्या बायामाणसांना न्यायचं ठरवलं आहे.

आमच्या छपराचा हिशेब आता असा बसतोय. कागदाला येत्या पावसाळ्यात चार वर्षं होतील, झाडांना तीन. दोघांचं आयुष्य एकाच सुमाराला संपतंय, हे पहिल्यांदाच जुळून आलं आहे, आणि ते मोडू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय. दसऱ्याची फुलं गेली की झाडं काढायची, मोकळ्या बेडात उभं राहून पाइपांना वरून पांढरा रंग मारायचा, वारा पडला की नोव्हेंबरात नवा कागद चढवायचा, आणि डिसेंबरात नवी लागवड. म्हणजे मार्चपासून फूल चालू, पुढची लग्नसराई पूर्ण हातात. रोपांची नोंदणी जूनमध्ये, तारखेसकट. भाऊजींना निम्म्या बेडात एक नवा केशरी रंग हवा आहे. माझं मत पांढऱ्याला आहे, कारण पांढरा मांडवातही जातो आणि तिरडीवरही जातो, त्याला अधिक महिना आणि पितृपक्ष त्यामानानं कमी बाधतो.

"वहिनी, केशरीची मान बघितली का तुम्ही?" भाऊजी विचारतात.

बघितली. चांगली टणक आहे. म्हणून निम्म्याऐवजी दोन बेड देते म्हटलंय.